तोकातच्या खारवलेल्या द्राक्षपानांना जीआय कशासाठी, आणि नाशिकच्या पाल्याचं काय?

प्रश्न विचारणाऱ्या ताई दुबईत असतात. त्यांनी सुपरमार्केटात खारवलेल्या द्राक्षपानांच्या दोन बरण्या शेजारी शेजारी बघितल्या, एक साधी आणि दुसरी तुर्कस्तानातल्या तोकातची, तिच्यावर भौगोलिक मानांकनाचा (म्हणजे जीआयचा) शिक्का आणि किंमत बरीच जास्त. त्यांचं म्हणणं असं की शेवटी मिठाच्या पाण्यातलं पानच ना, मग त्यात एवढं काय? आणि माहेर निफाडकडचं, त्यामुळे दुसरा प्रश्न लगेच आला, की आमच्याकडे छाटणीला आणि विरळणीला ट्रॉल्या भरभरून पाला जातो, मग नाशिकच्या पानांना जीआय घेऊन हाच धंदा आपण का करू नये?

खारवलेल्या आणि आंबवलेल्या भाज्यांची क्वालिटी बघणं हे माझं रोजचं काम आहे, आणि द्राक्षपानं त्यात बरीच येतात, ड्रममधलीही आणि बरणीतलीही, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आधी थेट उत्तर. दोन बरण्यांमधला फरक खरा आहे, तो जिभेला आणि हाताला कळतो. पण शिक्क्यामुळे पान चांगलं होत नसतं. हे पान अमुक जातीच्या वेलीचं, अमुक खोऱ्यातलं, लिहून ठेवलेल्या पद्धतीने खारवलेलं आहे आणि ते खरं आहे का हे कुणीतरी दरवर्षी तपासतं, एवढंच तो शिक्का सांगतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, आज ट्रॉलीतून जातो तो पाला खायला घालायचा नाही, अजिबात नाही, आणि त्याचं कारण जीआय नसून फवारणी आहे. पान काढायचं तर पानासाठीच बाग धरावी लागेल. हे दोन मुद्दे पटले की बाकीचं सोपं आहे.

तोकात हा तुर्कस्तानाच्या उत्तरेकडचा प्रांत, काळ्या समुद्राच्या पट्ट्यातला पण समुद्रापासून आत, म्हणजे किनाऱ्याची दमट हवा आणि आतल्या अनातोलियाची कोरडी हवा यांच्या मधोमध. येशिलइर्माक नदी तोकात शहरातून जाते, केल्कित नदी निक्सार आणि एर्बाच्या बाजूने येते आणि एर्बाजवळ दोन्ही एक होतात. या खोऱ्यांमध्ये नारिंजे नावाची द्राक्षाची जात आहे. मुळात ती पांढऱ्या वाइनची जात, आणि तुर्की वाइनमध्ये तिचं नाव चांगलं आहे. पण पानांच्या बाजारात तिची किंमत वेगळ्याच कारणाने आहे, तिचं पान पातळ असतं, शिरा बारीक असतात, खाचा खोल नसतात आणि चव मुळातच हलकी आंबट. खाच खोल नसणं ही बारीकशी गोष्ट वाटेल, पण सारमा वळताना (भाताचं सारण पानात गुंडाळून शिजवतात तो पदार्थ) खोल खाच असली की सारण तिथूनच बाहेर येतं. शीर जाड असली की गुंडाळी नीट बसत नाही आणि शिजल्यावर दाताखाली काडी आल्यासारखं होतं. आपल्याकडे अळूवडीला काळ्या देठाचं अळू बघून घेतात आणि भाजीचं अळू कुणी वडीला घेत नाही, तसंच हे आहे, तिथल्या गृहिणीला पान हातात घेतलं की कळतं.

तोकात प्रांतातल्याच एर्बाच्या नारिंजे पानांना तुर्कस्तानात भौगोलिक मानांकन आहे, आणि नावातच जागा आणि जात दोन्ही आहेत हे लक्षात घ्या. नुसतं 'तुर्की द्राक्षपान' असं नाही. मनिसाकडे, म्हणजे पश्चिमेला इझमीरच्या मागे, सुलतानी द्राक्षाची पानं खारवतात आणि जगात भरपूर जातात, त्यातही चांगली पानं असतात, पण ती नारिंजे नाहीत आणि हवाही ती नाही. ताईंना हे वाचून गंमत वाटेल की सुलतानी म्हणजे आपली थॉमसन सीडलेसच, जात एकच, नावं वेगळी. म्हणजे नाशिकच्या बागेतल्या वेलीची सख्खी बहीण तिकडे पानांसाठी तोडली जाते. हा धागा पुढे लागेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

पदार्थावर मात्र कुणाचाच हक्क नाही, आणि या मानांकनाने तसा दावा केलेलाही नाही. द्राक्षपानात सारण भरणं ग्रीसपासून लेबनॉन, आर्मेनिया, इराण, अझरबैजानपर्यंत सगळीकडे आहे, २०१७ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत दोल्मा (असाच सारण भरलेला पदार्थ) करण्याची आणि वाटून खाण्याची परंपरा अझरबैजानच्या नावावर गेली, आणि हा पदार्थ मूळचा कुणाचा यावर तिथले शेजारी अजून भांडतात. भौगोलिक मानांकन या भांडणात पडत नाही. पाककृती सगळ्यांची राहते, नाव तेवढं राखून ठेवलेलं असतं, आणि ते नाव वापरायचं तर अटी पाळा, एवढाच सगळा व्यवहार.

आता त्या अटी कशा असतात ते सांगतो कारण खरा जीव तिथेच आहे. तुर्कस्तानात पूर्वी १९९५ चा अध्यादेश होता, २०१७ पासून ६७६९ क्रमांकाचा औद्योगिक मालमत्ता कायदा आहे. त्यात दोन प्रकार आहेत. पहिल्यात उत्पादन, प्रक्रिया, सगळंच्या सगळं ठरलेल्या हद्दीत झालं पाहिजे. दुसऱ्यात निदान एक महत्त्वाची पायरी हद्दीत झाली तरी चालते. पानांच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे, कारण पान एकीकडे तोडून ड्रम दुसरीकडे भरणं अगदी सोपं आहे आणि सर्रास होतं. मग नोंदणीत मालाचं वर्णन असतं, जात कुठली, हद्द कुठली, तोडणी कधी, खारवणं कसं, आणि तपासणी कोण करणार. नोंदणी केलेल्या संस्थेला तपासणीचे अहवाल दर वर्षाला पेटंट ऑफिसकडे द्यावे लागतात, आणि पाकिटावर सरकारी चिन्ह छापावं लागतं. तुमच्या बरणीवरचा शिक्का म्हणजे हेच चिन्ह.

माझ्या मते या सगळ्यात सर्वात अवघड काम म्हणजे तपासणी, आणि बाहेरच्या लोकांना ते दिसतच नाही. ताजं पान हातात असेल तर जाणकार माणूस जात ओळखतो, खाच बघतो, मागची लव बघतो, शिरा बघतो. पण एकदा पान ड्रममध्ये जाऊन रंग बदलून बाहेर आलं की नारिंजे कुठलं आणि दुसरं कुठलं हे नजरेने खात्रीने सांगणं कठीण. डीएनए टेस्टने जात कळू शकते, पण ड्रमागणिक ती कोण करणार आणि खर्च कोण देणार, शिवाय जात कळली तरी गाव कळत नाही. म्हणून सगळी भिस्त कागदावर असते. कुठल्या शेतकऱ्याची किती डोनुम बाग (डोनुम म्हणजे १००० चौरस मीटर, आपले जवळपास १० गुंठे), त्यातून एका हंगामात साधारण किती पान निघू शकतं, त्याने किती विकलं, कारखान्याने किती घेतलं, ड्रम नंबर काय, तोड कितवी, आणि शेवटी किती बरण्या बाहेर पडल्या. बेरीज जुळली पाहिजे. बाग १० डोनुमची आणि पानं २५ डोनुमची निघाली तर कुठून आली हे विचारायला जागा मिळते. एवढंच शस्त्र आहे, पण वापरलं तर चांगलं चालतं. जिथे ही वही नीट ठेवत नाहीत तिथे कितीही सुंदर चिन्ह छापा, त्याच्यामागे काहीच नसतं.

तोडणी मे महिन्यापासून सुरू होते. फुटीच्या टोकाकडची कोवळी पानं घेतात, अगदी टोकाचं लहानसं नाही आणि खालचं जून नाही, मधलं, तळहाताएवढं. तीच वेल हंगामात पुन्हा पुन्हा तोडतात आणि जसजसा उन्हाळा वाढतो तसं पान जाड होत जातं, म्हणून पहिल्या तोडीचा भाव वेगळा असतो आणि घेणाऱ्याने हे विचारावंच. तोडणीचं काम बहुतेक बायका करतात, सकाळी ऊन चढायच्या आत, पान हातावर एकावर एक रचत जायचं, चुरगळायचं नाही, देठ खुडायचं. हे काम मशीनने होत नाही आणि किमतीतला मोठा हिस्सा हाच आहे. तिथल्या बऱ्याच बागायतदारांना आता द्राक्षापेक्षा पानाचे पैसे जास्त मिळतात. पण याची दुसरी बाजू आहे, पान म्हणजे वेलीचा स्वयंपाक करणारा भाग, तोच काढून नेला तर द्राक्षात साखर कमी भरते, माल उशिरा पिकतो, आणि दरवर्षी ओरबाडलं तर काडीपण कमजोर होत जाते. म्हणून शहाणे शेतकरी ठरवून टाकतात की ही बाग पानाची आणि ती द्राक्षाची, दोन्हीची हाव एका वेलीवर करत नाहीत.

खारवण्याचं शास्त्र मला फार आवडतं, तर त्यावर थोडं थांबतो. दोन रस्ते आहेत. एकात पानं गरम पाण्यात बुडवून काढायची, मग मिठाच्या पाण्यात ठेवायची. दुसऱ्यात कच्चीच पानं थराथराने ड्रममध्ये लावायची, मिठाचं पाणी भरायचं, वर वजन ठेवायचं आणि आंबू द्यायचं. मीठ किती यावर सगळं ठरतं. ८ ते १० टक्क्यांच्या आसपास लॅक्टिक बॅक्टेरिया काम करू शकतात, पानात साखर बेताचीच असल्यामुळे ते हळूहळू चालतं, पण आंबटपणा तयार होतो आणि त्या आंबटपणाला एक गोलाई असते जी नंतर लिंबूसत्व घालून येत नाही. मीठ १५ टक्क्यांच्या वर गेलं की आंबणं जवळजवळ थांबतं, मग ते नुसतं मिठावर टिकवलेलं पान. टिकतं छान, पण चवीत मिठाशिवाय काही राहत नाही. बरेच व्यापारी ड्रम जास्त मिठाचे भरतात कारण उन्हाळ्यात वाहतूक करायची असते आणि कुणालाच धोका नको असतो, ते मी समजू शकतो. मग बरणी भरताना ते पान धुऊन, कमी मिठाच्या पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून, गरम करून सीलबंद करतात.

इथे सुरक्षिततेचा भाग येतो आणि घरी करणाऱ्यांनी तो नीट वाचावा. हवाबंद बरणीत, मीठ कमी आणि आंबटपणाही कमी अशी परिस्थिती झाली तर बोट्युलिझमचा जंतू वाढू शकतो, आणि त्याचं विष ना वासाला कळतं ना चवीला. पीएच ४.६ च्या खाली पाहिजेच, काम करणारा माणूस ४ च्या आसपास किंवा त्याखाली ठेवतो म्हणजे मधल्या थरातलं एखादं पान मागे राहिलं तरी चिंता नाही. पानांचा गठ्ठा घट्ट असेल तर आंबट पाणी आतपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून पीएच पाण्याचा मोजून उपयोग नाही, मधलं पान वाटून त्याचा मोजायचा. वर पांढरी साय आली तर ती बहुतेक यीस्टची असते, ती विषारी नसते पण आंबटपणा खाऊन टाकते आणि मग खाली दुसरं काही वाढायला वाट मिळते, त्यामुळे साय आली की दुर्लक्ष करायचं नाही, आणि पान पाण्याच्या वर येऊ द्यायचं नाही.

रंगावरून बरणी ओळखायची एक खूण सांगतो. आंबलेलं पान हिरवंगार राहूच शकत नाही, आंबट वातावरणात हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग ऑलिव्हसारखा, पिवळट हिरवा होतो. तो रंग म्हणजे काम बरोबर झाल्याची खूण. बरणीतलं पान पोपटी चमकत असेल तर मी लेबल उलटून आधी कुठला रंग घातलाय ते बघतो, तांब्याचं क्लोरोफिल घातलेलं असू शकतं. अजून एक, बरणीत बाहेरून काचेला लागून सुंदर पानं लावलेली असतात आणि आतल्या गुंडाळीत फाटकी, हे बाजारात चालतं. त्यामुळे घेणारे व्यापारी नमुना उघडून किलोला किती पानं, किती फाटकी, किती भोकाची, देठ किती राहिलेत, तळाला रेती किती आणि निथळ वजन किती, हे सगळं बघतात. घरी एक बरणी उघडून हेच बघा, दोन्ही बरण्यांमधला किमतीचा फरक कुठून आला ते तुमचं तुम्हालाच कळेल. आणि वापरायच्या आधी गरम पाण्यात भिजवून, पाणी बदलून खारटपणा काढा, भाताच्या सारणात मीठ हात राखून घाला. तोकातचं खरं पान मिळालं असेल तर एकदा तिथला 'बात' करून बघा, हिरवी मसूर, बारीक बुलगुर (उकडून भरडलेला गहू), अक्रोड, टोमॅटोची पेस्ट, भरपूर कोथिंबिरीसारख्या पालेभाज्या एकत्र करून गार ठेवायचं आणि खारवलेल्या पानात घेऊन खायचं. त्यात पान परत शिजवत नाहीत, त्यामुळे पान जाडं असेल तर लगेच उघडं पडतं. पानाची परीक्षा घ्यायची तर सारम्यापेक्षा हाच पदार्थ चांगला.

आता फवारणी. द्राक्षपानांच्या धंद्याला आज सगळ्यात मोठा धोका यातूनच आहे, आणि नाशिकचं उत्तरही यातच आहे. तुर्कस्तानातून येणारी द्राक्षपानं युरोपियन युनियनच्या वाढीव तपासणीच्या यादीत कित्येक वर्षं आहेत, कीडनाशकांच्या अंशांमुळे, त्यात डायथायोकार्बामेट या बुरशीनाशकांच्या गटाचं नाव खास आहे. मॅन्कोझेब याच गटातलं, आणि मॅन्कोझेब म्हटल्यावर नाशिकच्या माणसाला वेगळं काही सांगायला नको, डावणीसाठी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) तेच मारतात. असं होतं कारण वेलीवर जे मारतो ते आधी पानावरच बसतं. पान पातळ, वजनाला काहीच नाही, पसारा मोठा, त्यामुळे एका किलो पानावर जेवढं औषध चिकटतं तेवढं एका किलो मण्यांवर कधीच नसतं. द्राक्ष काढणीच्या आधी बरेच दिवस फवारणी थांबवून माल स्वच्छ देता येतो, पण पान तर मे-जूनमध्ये दर काही दिवसांनी तोडायचं असतं, म्हणजे थांबायला दिवसच मिळत नाहीत. धुऊन वरवरचं थोडं जातं, पानात शोषलं गेलेलं आंतरप्रवाही औषध आतच राहतं, मीठ त्याला काही करत नाही. म्हणून एकाच वेलीवरून एक्स्पोर्टची द्राक्षं आणि खाण्याची पानं हे गणित बसत नाही, तिथेही बसत नाही आणि इथेही नाही.

निफाडच्या ट्रॉलीतला पाला बघू. ऑक्टोबर छाटणीच्या आधी पानगळ करायला इथ्रेल मारतात, त्यात पान आधीच जून, चामड्यासारखं, म्हणजे ते दोन्ही अर्थांनी बाद. छाटणीनंतर फळ धरेपर्यंत डावणी-भुरीच्या फवारण्या एकामागून एक, तेव्हाच्या विरळणीचा पालापण बाद. राहिला एप्रिलच्या खरड छाटणीनंतरचा काळ. मे महिन्यात हवा कोरडी, डावणीचा जोर नसतो, पान कोवळं, आणि जात थॉमसन किंवा तिच्याच घराण्यातली असेल तर पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, बिनलवेचं, म्हणजे अंगाने चालण्यासारखं. (बंगलोर ब्लू असेल तर विसरा, तिच्या पानाच्या मागे लोकरीसारखी लव असते, घशाला लागते.) वरवर बघितलं तर हाच काळ योग्य. पण याच काळात वाढ रोखायला, सूक्ष्मघडनिर्मितीला (पुढचे घड काडीत तयार व्हायला) संजीवकं मारतात, उडद्या आणि थ्रिप्स या किडींचं औषध असतं, आणि ही पानं काढली तर काडी भरत नाही, म्हणजे ऑक्टोबरचे घड हातचे गेले. २०१० साली लिहोसीन या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचे अंश सापडून आपली द्राक्षं युरोपात नाकारली गेली ते नाशिकमध्ये कुणी विसरलेलं नाही, ते तर मण्यांमध्ये सापडले होते, महिन्यांनंतर. त्या औषधाचा फवारा झेललेलं पान ताजं खारवून कुणाच्या ताटात द्यायचं, हे मला तरी करवणार नाही.

जीआयचं म्हणाल तर आपल्याकडे १९९९ चा कायदा आहे, २००३ पासून लागू, रजिस्ट्री चेन्नईला. नाशिकच्या द्राक्षांना जीआय आहे, नाशिक व्हॅली वाइनला वेगळा आहे, सांगलीच्या बेदाण्याला वेगळा. एकाच वेलीचे तीन माल आणि प्रत्येकाची नोंदणी वेगवेगळी, यावरूनच कळेल की द्राक्षांचा जीआय आहे म्हणून पानाला तो आपोआप लागत नाही. नवा अर्ज करायचा तर उत्पादकांची संस्था पाहिजे, एकट्या कंपनीच्या फायद्यासाठी हा कायदा नाही, आणि गुण, नावलौकिक किंवा वैशिष्ट्य त्या जागेशी जोडलेलं आहे हे दाखवावं लागतं. तोकातमध्ये आज्या-पणज्या ड्रम आणि मडकी भरत आल्या, आठवडी बाजारात पान नावाने विकलं जातं, तो लौकिक आधी होता आणि कागद नंतर आला. नाशिकला आज द्राक्षपान खाण्याचीच रीत नाही, मग लौकिक कसला दाखवणार? अर्ज केला तर तिथेच अडकेल, आणि समजा कसाबसा मिळाला तरी १० वर्षांनी नूतनीकरण करायचं, शेतकऱ्यांना अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदवायचं, आणि बाजारात मागणारा कुणी नाही. आपल्याकडे असे जीआय आहेत की प्रमाणपत्र भिंतीवर लागलं आणि गावातल्या एकाही पिशवीवर चिन्ह आलं नाही, मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्यामागे खरे कष्ट असतात.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. जीआय देशाच्या हद्दीपुरता असतो. तुर्कस्तानातल्या नोंदणीमुळे दुबईत किंवा मुंबईत कुणी 'तोकात' छापलं तर आपोआप थांबत नाही, तिथे वेगळी नोंदणी किंवा वेगळा करार लागतो. म्हणून तुर्की लोक युरोपात एकेक माल वेगळा नोंदवत गेले, गाझिआंतेपचा बकलावा २०१३ ला पहिला, मग आयदनचं अंजीर, मालात्याचं जर्दाळू वगैरे. आणि जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात वाइन-दारूला जास्त कडक संरक्षण आहे, 'अमुक पद्धतीची' असं लिहूनसुद्धा नाव वापरता येत नाही. बाकी खाद्यपदार्थांना मात्र ग्राहकाची फसवणूक होते हे दाखवावं लागतं. म्हणजे एकाच नारिंजे वेलीच्या वाइनला जेवढं कवच आहे तेवढं तिच्या पानाला नाही. त्यामुळे बरणी घेताना नुसतं 'तोकात' वाचून पैसे देऊ नका, सरकारी चिन्ह आहे का, जात लिहिली आहे का, पॅक करणारा कुठला आहे, लॉट नंबर आहे का हे बघा. 'तोकात टाइप' लिहिलेलं असेल तर तो साधाच माल समजा.

मग नाशिकने काहीच करू नये का? करावं, आणि मला मनापासून वाटतं की करणारा कुणीतरी निघावा, पण उलट्या क्रमाने नको. आधी पानासाठी म्हणून वेगळी १०-२० गुंठ्यांची बाग, एक्स्पोर्टच्या प्लॉटपासून लांब, म्हणजे शेजारच्या ब्लोअरचा फवारा उडून येणार नाही. द्राक्षाची आशा सोडायची, घड लागले तर काढून टाकायचे, वेल फक्त फुटीसाठी ठेवायची. फवारणीचं वेळापत्रक पानाच्या हिशोबाने, पावसाळा लागायच्या आत तोड संपवायची म्हणजे डावणीचं औषध मारायची वेळच येत नाही. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात जाऊन जातींची पानं हातात घेऊन बघा, तिथे जातींचा मोठा संग्रह आहे, कदाचित थॉमसनपेक्षा पानाला चांगली जात तिथेच उभी असेल. ग्राहक शोधायला युरोपात जायची गरज नाही, मुंबई-पुण्यातली अरबी आणि लेबनीज हॉटेलं आज बहुतेक आयात बरण्याच वापरतात, त्यांना ताजं किंवा कमी मिठाचं पान चालेल का ते विचारा. एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेचं, लायसन्स पहिल्या दिवसापासून. आणि वही, पहिल्या तोडीपासून वही ठेवा, कुठली वेल, कुठली तारीख, किती किलो, कुठला ड्रम. पुढे कधी जीआयचा विचार झालाच तर तीच वही पुरावा म्हणून उभी राहील, नाही झाला तरी हॉटेलवाल्याला दाखवायला उपयोगी आहे.

लॅबमध्ये अंश तपासायला देताना ताजं पान आणि त्याच लॉटचं खारवलेलं पान असे दोन्ही नमुने द्या. युरोपची मर्यादा ताज्या पानावर ठरलेली असते, आणि गरम पाणी, मीठ, निथळणं यात पानाचं वजन बदलतं, त्यामुळे फक्त खारवलेल्या पानाचा आकडा हातात असेल तर तो मर्यादेत आहे की बाहेर हे नीट लावता येत नाही. डायथायोकार्बामेटची टेस्ट नेहमीच्या मल्टी-रेसिड्यू पॅकेजमध्ये (अनेक औषधांचे अंश एकदम बघतात त्यात) धरलेली नसते, ती वेगळी सांगावी लागते, अर्ज भरताना तेवढं लिहून घ्या.